मुली शिकल्या, तरी नोकरीत का दिसत नाहीत?

प्रश्न असा आला आहे: "विकसनशील देशांत मुली शिकल्या, मुलांची संख्या कमी झाली, अर्थव्यवस्था वाढली. तरी कितीतरी ठिकाणी कामावर जाणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढत नाही, काही ठिकाणी तर घटतं. उलट अतिशय गरीब देशांत ते ८० टक्क्यांपर्यंत दिसतं. मग यातलं प्रगतीचं लक्षण कोणतं मानायचं? आमची संस्था महिलांना प्रशिक्षण देते. बायका प्रशिक्षण पूर्ण करतात, पण सहा महिन्यांनी नोकरीत फार थोड्या उरतात. चुकतंय कुठे?"

मी वीसेक वर्षं या कामात आहे. सुरुवातीची वर्षं रोजगार पाहणीच्या प्रश्नावल्या घेऊन घरोघर फिरण्यात आणि मग नव्या अन्वेषकांना शिकवण्यात गेली. पुढे महिलांच्या रोजगाराचे कार्यक्रम आखले, आणि त्यातले काही का फसले हे तपासलं. त्यामुळे आकड्यांबद्दलही सांगते आणि कार्यक्रमाबद्दलही. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बायकांची तयारी नाही म्हणून त्या बाहेर राहिल्या, असं मला क्वचितच दिसलं. जे काम मिळतं ते त्यांच्या दिवसात बसत नाही, आणि तो दिवस त्यांच्या ताब्यात नसतो. अडचण इथे आहे.

आधी आकड्याचं बघू, कारण निम्मा गोंधळ तिथलाच आहे.

एक दार आठवतं. दारात पुरुष उभा. मी विचारलं, "तुमच्या पत्नी काय करतात?" तो म्हणाला, "काही नाही, घरीच असते." त्याच्या मागे, उंबऱ्याच्या आत ती जमिनीवर बसली होती. समोर शिवलेल्या शर्टांचा ढीग, मांडीवर बटणांची डबी, दातांत दोरा. ती बटणं लावत होती, नगावर. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस येऊन मोजून नेणार होता. नियमाप्रमाणे मी प्रश्न तिलाच विचारला: "गेल्या सात दिवसांत पैशासाठी तासभर तरी काही काम केलंत?" तीही म्हणाली, "नाही." मग मी शर्टांकडे बोट दाखवलं. "हे होय? हे असंच, घरातलं आवरून." त्या आठवड्यात किती शर्ट झाले हे विचारलं, तर डझनांचा आकडा तिने क्षणाचाही विचार न करता सांगितला. हिशेब तिला तोंडपाठ होता. त्याला 'काम' म्हणायचं असतं, हे मात्र तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी घाईत असते आणि नवऱ्याचं उत्तर लिहून पुढे गेले असते, तर ती 'फक्त घरकाम' या रकान्यात गेली असती. भारताच्या पाहणीत त्यासाठी ९२ हा संकेतांक आहे. घरकामाबरोबर घरच्यासाठी सरपण गोळा करणं, शिवणकाम असं काही करणाऱ्या बायकांसाठी ९३. दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेरचे. म्हणजे एका जास्तीच्या प्रश्नावर ठरतं, की देशाच्या नोंदीत ती बाई कामगार आहे की नाही. कुठल्याही देशाचा महिला-सहभागाचा दर वाचताना मी आधी विचारते की उत्तर कुणी दिलं, आणि 'काम' म्हणजे काय हे तिला कोणत्या शब्दांत विचारलं.

दुसरी गोष्ट व्याख्येची. १९८२ मध्ये श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलेल्या व्याख्येत घरच्या खाण्यापुरतं पिकवणाराही रोजगारात धरला जात होता. २०१३ च्या परिषदेने ते बदललं. आता रोजगार म्हणजे वेतनासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम. स्वतःच्या घरासाठीचं उत्पादन हेही कामच, पण ते वेगळं मोजायचं. ज्या देशांत बायका मोठ्या संख्येने घरच्यापुरती शेती करतात, तिथे नवी व्याख्या लावली की दर एकदम खाली येतो. रवांडात तसंच झालं. बायकांनी शेत सोडलेलं नसतं, मोजपट्टी बदललेली असते. त्यामुळे एका देशाचा जुन्या व्याख्येचा आकडा आणि दुसऱ्याचा नव्या व्याख्येचा आकडा शेजारी ठेवून कुणी क्रमवारी लावली, तर तिच्यावर विसंबू नका.

आणि दर वाढला म्हणजे काय वाढलं, हेही उघडून पाहावं लागतं. भारतात पंधरा वर्षांवरील बायकांचा श्रमशक्ती-सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ झाला. सहा वर्षांत एवढी उडी क्वचितच दिसते. पण याच काळात काम करणाऱ्या बायकांमध्ये स्वयंरोजगारातल्यांचा वाटा सुमारे ५२ टक्क्यांवरून ६७ वर गेला, आणि त्यातही घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यांचा वाटा ३२ च्या आसपास होता तो ३७ च्या जवळ पोहोचला. काही बायका खरोखर नव्याने कामाला लागल्या, काही आधीपासून राबत होत्या त्या आता नोंदल्या जाऊ लागल्या. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. मात्र 'बायका नोकरीला लागल्या' असा त्याचा अर्थ होत नाही.

आता तुमचा 'गरीब देशांत ८० टक्के' हा मुद्दा. अर्थशास्त्रात याला इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचा वळसा म्हणतात. क्लॉडिया गोल्डिन यांनी १९९० च्या दशकात तो नीट मांडला, आणि २०२३ चं नोबेल त्यांना महिलांच्या श्रमबाजारावरील कामासाठीच मिळालं. कुटुंब शेतीवर जगत असतं तेव्हा सगळेच राबतात, बायकाही. पुढे उत्पादन घराबाहेर, कारखान्यात जातं. नवऱ्याची मिळकत वाढते, आणि बायकोला मिळू शकणारं काम अंगमेहनतीचं, कमी मानाचं असतं. घर तिला मागे ओढतं. नंतर शिक्षण वाढून कचेरी, शाळा, दवाखाना अशा ठिकाणच्या जागा उघडल्या की ती पुन्हा बाहेर पडते. त्याही आधी, १९७० मध्ये एस्टर बोसेरुप यांनी दाखवून दिलं होतं की नांगराची शेती आणि कुदळीची शेती यांत बायकांचं स्थान वेगळं असतं. नांगराला ताकद लागते, तिथे पुरुष शेतात आणि बाई घरात ही विभागणी घट्ट होते. नंतरच्या संशोधकांना असंही आढळलं की ज्यांचे पूर्वज नांगराने शेती करत, त्या समाजांत आजही बायकांचा सहभाग कमी असतो. शेती सुटली तरी विभागणी राहिली.

हा वळसा खोटा नाही, पण त्याच्या भरवशावर बसणं मला धोक्याचं वाटतं. अनेक देश एकाच वेळी शेजारी मांडले की तो छान दिसतो. एकाच देशाचा चाळीस-पन्नास वर्षांचा प्रवास पाहिला, तर बऱ्याचदा दिसत नाही. इजिप्त आणि व्हिएतनाम, दोन्ही मध्यम उत्पन्नाच्या खालच्या पायरीवरचे देश. व्हिएतनाममध्ये बायकांचा सहभाग ७० टक्क्यांच्या आसपास, इजिप्तमध्ये २० च्याही खाली. इजिप्तमध्ये मुलींचं शिक्षण झपाट्याने वाढलं. १९६० च्या दशकात तिथे पदवीधरांना सरकारी नोकरीची हमी होती. ठरलेले तास, खात्रीचा पगार, बाळंतपणाची रजा, लग्नानंतरही टिकणारी नोकरी. शिकलेल्या बायका तिकडे गेल्या. ही हमी पुढे ओसरत गेली, खासगी नोकऱ्यांत लांबलचक तास आणि दूरचं ठिकाण आलं, आणि शिकलेल्या मुली लग्नानंतर त्या सोडू लागल्या. बायका त्याच, समाजही तोच. बदलला तो नोकरीचा आकार. त्यामुळे 'उत्पन्न वाढलं की आपोआप होईल' असं कुणी म्हणालं, तर मी त्याला इजिप्त दाखवते.

शिक्षणाच्या बाबतीतही मधला खळगा दिसतो. भारतात निरक्षर बायका आणि पदवीधर बायका यांच्यात सहभाग जास्त, आणि शाळा पूर्ण केलेल्या मधल्या गटात कमी. दहावी-बारावी झालेल्या मुलीला मजुरीला पाठवायला घर तयार नसतं, आणि तिच्या शिक्षणाजोगं टेबलावरचं काम आसपास नसतं. त्यातच शेतीतलं कामही आटतं. ट्रॅक्टरने खोल नांगरट झाली की तण कमी उगवतं, आणि खुरपणी तर बायकांकडेच असायची. यंत्र आलं नांगरणीला, मजुरी गेली खुरपणीची. 'बायकांनी काम सोडलं' असं अहवालात लिहिलं जातं तेव्हा, कामानेच त्यांना सोडलं का, हे कुणी तपासलेलं नसतं.

आता वेळेबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

भारताच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची काळजी त्याहून वेगळी: १३७ आणि ७५. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगात ७०.८ कोटी बायका काळजीच्या जबाबदारीमुळे श्रमशक्तीबाहेर आहेत. याच कारणाने बाहेर असलेले पुरुष सुमारे ४ कोटी.

पण मिनिटांची बेरीज हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. वेळ-वापराचा तक्ता भरताना दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन असतात. बाईच्या शेजारी बसून तो भरला की कळतं, तिच्याकडे मोकळा वेळ नाही असं नाही. वेळ असतो, पण तुकड्यांत. पाणी येऊन गेल्यावर वीस मिनिटं. मूल झोपल्यावर पाऊण तास. म्हाताऱ्यांचं औषधपाणी झाल्यावर, मुलं शाळेतून यायच्या आधी, आणखी तासभर. दिवसभरातल्या अशा सगळ्या तुकड्यांची बेरीज तीन-साडेतीन तासांची होते, पण सलग दीड तास कुठेच सापडत नाही. शिवाय या तुकड्यांतही ती 'लक्ष ठेवून' असते. पाळण्यात मूल आहे, चुलीवर काही आहे, दारात कुणी येऊ शकतं. लक्ष ठेवणं हे काम बहुतेक तक्त्यांत मावतच नाही.

बटणं लावायचं काम या तुकड्यांत बसतं. कारखान्याची आठ तासांची पाळी बसत नाही. नगावरच्या कामात इतकी कमी मजुरी मिळूनही बायका ते का करतात, याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. त्यांच्या दिवसाच्या आकाराचं तेवढं एकच काम बाजारात असतं, आणि ठेकेदाराला ते पक्कं माहीत असतं. दर पाडायची ताकद त्याला तिथूनच मिळते. १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा ही असंघटित बायकांची संघटना नोंदवायला नेली, तेव्हा कामगार खात्याचा आक्षेप होता की यांना मालकच नाही, मग संघटना भांडणार कुणाशी? मालक नसला तरी काम असतं आणि कामगारही असते, हे मान्य करून घ्यायलाच झगडावं लागलं. घरबसल्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ चा आहे. तो मंजूर करणारे देश आजही मोजकेच.

म्हणून वेळेचे तुकडे जोडणारी कोणतीही गोष्ट मला रोजगार योजनेइतकीच महत्त्वाची वाटते. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलु-नाताल प्रांतात ग्रामीण भागात वीज पोहोचली, तिथे बायकांचा रोजगार सुमारे ९ टक्केबिंदूंनी (म्हणजे शंभरांमागे नऊजणींनी) वाढल्याचं टेरिन डिंकेलमन यांच्या अभ्यासात दिसलं. विजेने नोकऱ्या वाटल्या नव्हत्या. सरपण आणि स्वयंपाक यांत जाणारा वेळ मोकळा केला होता. नळाचं पाणी, घराजवळची शाळा, वेळेवर उघडणारा दवाखाना यांची गणना 'महिला रोजगार' या सदरात कुणी करत नाही. करायला हवी.

पाळणाघराचा मुद्दा तर सरळ आहे. नैरोबीच्या एका झोपडवस्तीत काही आयांना पाळणाघराच्या शुल्कात सवलत दिली गेली, काहींना नाही. सवलत मिळालेल्यांमध्ये काम करणाऱ्यांचं प्रमाण ८.५ टक्केबिंदूंनी जास्त निघालं. प्रशिक्षण नाही, समुपदेशन नाही, फक्त मुलाला ठेवायला जागा. मेक्सिकोने २००७ मध्ये अनुदानित पाळणाघरांचं मोठं जाळं उभारलं आणि २०१९ मध्ये त्याचं अनुदान बंद केलं. इतकी वर्षं बायकांनी ज्या आधारावर नोकऱ्या धरल्या, तो असा काढून घेणं मला अतिशय चुकीचं वाटतं.

मात्र पाळणाघराचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हे फार जपून ठरवावं लागतं. चिलीत कायदा होता की वीस किंवा अधिक बायका कामावर असतील तर मालकाने पाळणाघराची सोय करायची. परिणाम काय झाला, तर अशा कंपन्यांत नव्याने लागलेल्या बायकांचे पगार कमी झाले. मालकाने खर्च बायकांकडूनच वसूल केला. भारताने २०१७ मध्ये बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ केली. रजा हवीच, त्यात वाद नाही. पण पगार बव्हंशी मालकाच्या खिशातून जायचा असेल, तर तरुण बाईला कामावर घेताना लहान मालक हात आखडता घेतो. हा खर्च सामाजिक विम्यातून, म्हणजे सर्व मालक, सर्व कामगार आणि सरकार यांच्या सामायिक निधीतून व्हायला हवा. तसं झालं की बाई घेतली काय आणि पुरुष घेतला काय, मालकाला सारखंच. चांगल्या हेतूचा कायदा बाईला 'महाग' करून टाकतो तेव्हा तिचं नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, कारण तिला न मिळालेली नोकरी कुणी मोजत नाही.

प्रवासाबद्दल थोडक्यात. लाहोरमध्ये नोकरी शोधणाऱ्यांना कामावर ने-आण करणारी गाडी देऊ केली गेली. गाडी फक्त बायकांसाठी होती तिथे अर्ज करणाऱ्या बायकांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. गाडी स्त्री-पुरुषांची मिश्र होती तिथे काहीच फरक पडला नाही. दिल्लीत कॉलेज निवडताना मुली सुरक्षित रस्त्यासाठी कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात, हेही अभ्यासातून समोर आलं आहे. भीतीची किंमत अशी आयुष्यभर फेडावी लागते.

आता मानसिकता. हा विषय निघाला की चर्चा तिथेच अडकते, म्हणून मुद्दाम उशिरा घेतला. मानसिकता अडथळा आहे, निश्चितच आहे. पण व्याख्यानं देऊन ती हलते असं मला दिसलेलं नाही. ग्रामीण कर्नाटकात बालवाडी शिक्षिकांच्या घरच्यांना नोकरीचे फायदे सांगणारा व्हिडिओ दाखवून पाहिला गेला. त्यामुळे शिक्षिका नोकरीत जास्त टिकल्या, असं झालं नाही. याउलट मध्य प्रदेशात रोजगार हमीची बायकांची मजुरी थेट त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ लागली आणि खातं वापरायला शिकवलं गेलं, तेव्हा त्यांचं काम वाढलं. ज्या घरांत नवऱ्यांचा विरोध जास्त होता, तिथल्या बायकांवर तर परिणाम अधिक ठळक होता. आधी ती मजुरी अनेकदा घरातल्या पुरुषाच्या खात्यात जायची. आपण राबायचं आणि पैसा दुसऱ्याच्या हातात, मग जायचं कशाला, हा हिशेब कुठलीही बाई करेल. मी त्याला उदासीनता म्हणणार नाही.

सौदी अरेबिया उच्च उत्पन्नाचा देश आहे, पण तिथला एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. विवाहित पुरुषांना विचारलं गेलं की बाईने घराबाहेर काम करणं योग्य आहे का. बहुसंख्य 'हो' म्हणाले. पण शेजारच्यांना काय वाटत असेल, याचा त्यांचा अंदाज खऱ्यापेक्षा बराच खाली होता. प्रत्येकाला वाटत होतं, माझी हरकत नाही, लोक काय म्हणतील. खरा आकडा दाखवल्यावर बायकोसाठी नोकरी शोधण्याच्या सेवेत नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. याचा उपयोग मी माझ्या कामात केला आहे. घरच्यांच्या बैठकीत मी बोलत नाही. ज्यांच्या घरच्या बायका वर्षभरापूर्वी कामाला लागल्या, अशा पुरुषांना बोलवून घेते आणि त्यांनाच बोलू देते.

शिवाय मानसिकता ही नोकरीच्या आधीची अट असते तशी तिचा परिणामही असते. बांगलादेशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'देश' नावाच्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० जणांना कपडे शिवण्याचं प्रशिक्षण घ्यायला तिकडे पाठवलं. त्यातून उभ्या राहिलेल्या उद्योगात पुढे लाखो बायका आल्या. एके काळी तिथल्या कामगारांत त्यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या घरात होतं. परंपरेने बायकांच्या बाहेर पडण्यावर कडक बंधनं असलेल्या समाजात हे घडलं. कारखान्यांच्या जवळच्या गावांत मुलींचं शिक्षण वाढलं आणि लग्नाचं वय पुढे गेलं, कारण शिकून काहीतरी मिळतं हे आईबापांना डोळ्यांनी दिसू लागलं. दिल्लीच्या आसपासच्या राज्यांत काही गावांत कॉल सेंटरच्या भरतीची माहिती आणि मदत तीन वर्षं पोहोचवली गेली, तिथेही तरुण मुलींची लग्नं आणि बाळंतपणं पुढे गेली. नोकरी आधी दिसली, विचार मागून बदलला.

त्याच बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझाची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली, त्यांत बहुसंख्य बायका. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. सहभागाचा दर सांगताना हे विसरणं मला जमत नाही. त्या सकाळी आत गेलेली प्रत्येक बाई आकडेवारीत 'रोजगारात' होती. आणि आज तिथे नवी यंत्रं येताहेत तसा बायकांचा वाटा घसरतो आहे, कारण यंत्र चालवण्याचं प्रशिक्षण पुरुषांना दिलं जातं. या टप्प्यावर लक्ष ठेवलं नाही तर तीस-चाळीस वर्षांत मिळवलेलं दहा वर्षांत जाऊ शकतं.

तेव्हा प्रगतीचं लक्षण कोणतं? उंच दर नाही, आणि घटलेला दरही अधोगतीचा पुरावा नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुली शाळेत राहिल्या म्हणून दर घटला असेल, तर मला आनंदच होईल. दुष्काळात घरातली प्रत्येक बाई मातीकामावर गेली म्हणून वाढला असेल, तर नाही. पैसे तिच्या हातात येतात का, वाईट मालक सोडून दुसरीकडे जायची मुभा तिला आहे का, आणि बाहेरचं काम आल्यावर घरातलं थोडं तरी कमी झालं का, एवढं मी पाहते. तिसरं उत्तर बहुधा 'नाही' असतं. कमावत्या बाईचा दिवस बिनकमावत्या बाईपेक्षा लांबतो, झोप कमी होते. काही घरांत तिच्या कमाईने नवऱ्याचा राग वाढतो, मारहाणही होते. कार्यक्रम आखणाऱ्याने हे गृहीत धरून पहिल्या दिवसापासून मदतीची सोय ठेवायला हवी.

आता तुमच्या संस्थेबद्दल. प्रशिक्षण पूर्ण होतं, नोकरी लागते, सहा महिन्यांत सुटते, ही तक्रार मी अनेक देशांतल्या सहकाऱ्यांकडून ऐकली आहे. इथिओपियात कारखान्यातल्या नोकऱ्यांवर झालेल्या अभ्यासात नोकरी धरणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जण वर्षभरात ती सोडून गेले. त्यांत बहुसंख्य तरुण बायका होत्या. काम अवघड, आरोग्याला त्रासदायक, आणि पगार बाहेरच्या फुटकळ कामापेक्षा फारसा जास्त नाही. सोडणं हा त्यांचा शहाणपणाचा निर्णय होता.

मी स्वतः अशा एका तुकडीचा माग काढला होता. शिवणयंत्रावर तयार झालेल्या बायका, एका कारखान्यात एकत्र लागलेल्या. सहाव्या महिन्यात निम्म्याहून कमी उरल्या. व्यवस्थापन म्हणत होतं, कौशल्य कमी पडतं, प्रशिक्षण वाढवा. आम्हीही अभ्यासक्रम वाढवायच्या तयारीत होतो. त्याआधी मी सोडून गेलेल्या बायकांच्या घरी गेले. कौशल्याचं नाव एकीनेही काढलं नाही. एकीने मला जे सांगितलं ते अजून कानात आहे: "ताई, मशीन मला येतं. पण आज उशीर होणार हे मला चार वाजता कळतं. मुलीला शाळेतून आणायला कुणाला सांगू चार वाजता?" ओव्हरटाइमची यादी रोज दुपारी चारला हॉलच्या दारावर लागायची. नाव असेल तर थांबायचं, नाही थांबलं की खाडा धरायचे. तीन-चार खाडे झाले की पगार कापला जायचा, आणि घरात भांडण. बहुतेकींनी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सोडलं.

ओव्हरटाइम रद्द करा असं आम्ही म्हटलंच नाही. यादी दोन दिवस आधी लावा आणि आपसांत बदली करायची मुभा द्या, एवढंच मागितलं. बरीच घासाघीस होऊन एका विभागापुरतं ते मान्य झालं. पुढच्या तुकडीतल्या त्या विभागातल्या बायका बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकल्या. हा एक विभाग आणि एक तुकडी, एवढ्यावरून मी सिद्धान्त मांडणार नाही. पण त्यानंतर मी प्रशिक्षणाची सुरुवात बायकांच्या मुलाखतींनी करणं सोडलं. आता सुरुवात मालकापासून करते.

तुम्हीही तसं करून पाहा. नवी तुकडी भरण्याआधी ज्या कारखान्यात किंवा कचेरीत त्यांना लावणार आहात तिथे जा. पाळी किती वाजता सुटते आणि शेवटची बस किती वाजता आहे हे शेजारी शेजारी लिहा. पगार कुणाच्या खात्यात जातो ते विचारा. मूल आजारी पडलं आणि बाई आली नाही, तर मस्टरवर काय लिहितात ते स्वतः मस्टर उघडून पाहा. बायकांसाठीचं स्वच्छतागृह आहे का, आणि त्याची किल्ली कुणाकडे असते, हेही. पर्यवेक्षक बाई आहे का पुरुष, तक्रार त्याच्याचबद्दल असेल तर ती कुणाकडे करायची, हे कामगारांकडूनच ऐका, दारावर लावलेल्या फलकावरून ठरवू नका. आणि ओव्हरटाइम आहे हे बाईला किती वाजता कळतं, हा प्रश्न व्यवस्थापकाला विचारा. 'त्या त्या दिवशी' असं उत्तर आलं, तर ते बदलेपर्यंत त्या जागेसाठी तुकडी घेऊ नका. तेवढा वेळ आणि पैसा जवळच्या पाळणाघरावर घाला.